अर्धा डेक रंगाचा, अर्धा स्टेनचा

गडब, ता. पेण
२८ मे १९९८

मित्रवर्य सईद यांस,

गडबहून कमळाकरचा सलाम आणि रामराम, दोन्ही एकदम. (हवा तो ठेवून घे, उरलेला रोह्याला अमीनाभाभींना कळव.) इकडे आम्ही सारे जिवंत आहोत आणि त्यातले बहुतेक जण एकमेकांशी बोलतही आहेत. तुझ्या गुडघ्यांचं काय? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की मस्कतच्या गोदीत शिडी चढताना ते कुरकुरतात. अरे, तू आता मुकादम आहेस. जहाजं रंगवणाऱ्या चाळीस माणसांवर ओरडायचं हे तुझं काम, ते शिडीखाली उभं राहूनही करता येतं. रोह्याच्या शाळेत मास्तर तुला बाकावर उभं करायचे तेव्हा तू तिथूनही वर्गावर मुकादमी करायचास, तेव्हा उंचीची तुला जुनी हौस आहे हे मी जाणतो. पण आता वयाकडे बघ. परवा रोह्याला गेलो होतो तेव्हा भाभींना भेटून आलो. तब्येत उत्तम. मला चहा दिला, खारी दिली, आणि तुझ्याविषयी जे काही सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण पाकिटाचं वजन वाढतं.

पत्रास कारण डेक. आमचा रघू जहाजावर आहे हे तुला ठाऊकच आहे. तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने घराच्या मागच्या दाराला लागून, शेताच्या बाजूला, सागवानी फळ्यांचा एक ओटा ठोकून घेतला. दहा बाय वीस फूट, जमिनीपासून दोन हात उंच, वर छप्पर नाही, बाजूला कठडा नाही. त्याचं म्हणणं, याला डेक म्हणतात आणि परदेशात घराघराला असतो. गावाने तो पाहिला आणि नाव ठेवलं धक्का. खाडी घरापासून दीड मैल लांब, दारात होडी नाही, भरती आमच्या अंगणात येत नाही, तरी लोक रस्त्यावरून हाक मारतात, ‘धक्क्यावर हायस काय?’ मी असतो. संध्याकाळी शेतावरून वारा येतो, मी खुर्ची टाकून बसतो. उरलेल्या जागेत सगुणा मिरच्या, पापड, सुकट आणि गोधड्या वाळत घालते. म्हणजे दोनशे चौरस फुटांपैकी माझ्या वाट्याला खुर्चीच्या चार पायांपुरती जागा.

तीन पावसाळे अंगावर घेऊन डेक राखाडी पडला आणि फळ्यांची कुसळं पायात जायला लागली. त्याला काहीतरी लावायला हवं यावर घरात एकमत झालं. (हे आमच्या संसारातलं दुसरं एकमत. पहिलं रघूच्या नावावर झालं होतं.) काय लावायचं यावर मात्र चैत्रापासून जुंपली. सगुणाचं म्हणणं, ऑइल पेंट. चॉकलेटी, दोन हात, विषय संपला. रंग फळीच्या वर बसतो, फटी बुजवतो, कुसळं दाबून टाकतो, ओलं फडकं मारलं की साफ. आपण दारं रंगवतो, खिडक्या रंगवतो, बैलाची शिंगंसुद्धा रंगवतो, मग फळ्यांनीच काय पाप केलंय? माझं म्हणणं, स्टेन. (तुला सांगायला नको, पण हे पत्र मध्येच कोणी चोरून वाचलं तर त्याची पंचाईत होऊ नये म्हणून लिहितो: स्टेन म्हणजे पातळ, तेलकट, रंगीत चीज. ती लाकडाच्या वर बसत नाही, आत मुरते. लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं दिसत राहतं. तिचे पापुद्रे सुटत नाहीत, फार तर ती फिकी पडते, मग परत एक हात मारायचा.) सागवान आणलंय तर ते सागवान दिसलं पाहिजे. चॉकलेटी रंगाखाली साग काय आणि आंबा काय, सारखंच. यावर सगुणा म्हणाली की इतकी वर्षं मी आतून कसा आहे ते तिला दिसतच आलंय, त्यात पाहण्यासारखं काही नाही, लग्नाच्या वेळी वरून एक हात रंग मारून दिला असता तर बरं झालं असतं.

आता माझा अधिकार तुला माहीत आहे. रोह्याच्या केमिकल कंपनीत मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. रंगाचे हजारो डबे माझ्या सहीने बाहेर गेले. ब्रश मात्र मी कधी हातात धरला नव्हता, कारण ब्रश द्यायचा विभाग वेगळा होता. शिवाय माझ्याजवळ डबा होता. मागच्या सुट्टीत रघूने कुठल्याशा थंड देशातून स्टेनचा एक डबा आणला होता. त्यावरची भाषा अशी की दर चार अक्षरांमागे एकाच्या डोक्यावर दोन टिंबं. पण खाली तीन चित्रं होती. पहिल्यात एक माणूस ब्रशने फळ्यांना स्टेन लावतोय. दुसऱ्यात तोच माणूस फडकं घेऊन वाकलाय आणि हसतोय. तिसऱ्यात तो, त्याची बायको आणि त्यांचा कुत्रा डेकवर बसलेत. मी अर्थ लावला: स्टेन लावा, हात पुसा, कुटुंबासह बसा. यात न कळण्यासारखं काय आहे?

एवढ्यात शकूला पाहायला यायचा निरोप आला. आमची शकू आता सव्वीसची. नागोठण्याच्या शाळेत शिकवते. याआधी तीन स्थळं येऊन, पोहे खाऊन, ‘कळवतो’ म्हणून गेली आणि त्यांनी कळवलं नाही. हे चौथं रोह्याकडचं. मुलगा दत्तात्रेय, डोलवीच्या कंपनीत फिटर. आईबाप लहानपणीच गेले, विधवा आत्याने वाढवलं. ही आत्या म्हणजे गिरजाबाई. तिची कीर्ती अशी की आजवर अकरा घरांत मुली पाहिल्या आणि अकराही घरांतून चहा न घेता उठून गेली. एकीचं नाक, एकीचा भाऊ, एकीच्या अंगणातली तुळस सुकलेली. शकूने आदल्या रविवारीच आम्हा दोघांना समोर बसवलं. ‘बाबा, ट्रे घेऊन मी बाहेर येणार ती हीच शेवटची वेळ,’ म्हणाली. ‘पुढे मला कुणी दाखवायची नाय.’ ती रागावून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती साधंच बोलली, भांडी कुठे ठेवली आहेत ते सांगावं तशी. सईद, तेव्हा मला पहिल्यांदा घाबरायला झालं.

मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली पाहुणे बसवायचे म्हणजे उकडून काढायचे. वारा मिळतो तो फक्त डेकवर. तेव्हा डेक रविवारपर्यंत तयार व्हायलाच हवा होता आणि भांडायला वेळ उरला नव्हता. बुधवारी सगुणाने मधोमध सुतळी बांधली. स्वयंपाकघराकडची दहा फुटं तिची, गोठ्याकडची माझी. (तिने अर्धा डेक इतक्या सहजी का सोडला असं तुला वाटेल. तिचा स्वभावच उदार आहे असं तूर्त समज.)

गुरुवारी तिने जनूला बोलावलं. जनू तिचा मावसभाऊ, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला असतो. सीझन ऐन भरात, पण बहिणीच्या शब्दाखातर एक दिवस आला. त्याचं मत स्पष्ट होतं. आपण बाप्पाला रंग देतो तेव्हा आतली माती दिसावी म्हणून देतो का? मग लाकडाचं कौतुक कशाला? मी त्याला सागाच्या रेषांबद्दल दहा मिनिटं सांगितलं. त्याने ऐकलं आणि सुतळीच्या पलीकडे जाऊन कामाला लागला. दुपारपर्यंत दोन हात चॉकलेटी झाला, आरशासारखा. पण वर्षानुवर्षं मुकुट आणि पीतांबर रंगवणारा हात तो, नुसत्या चॉकलेटीवर त्याचं मन भरेना. संध्याकाळी पाहतो तर सगुणाच्या अर्ध्या डेकला चहूबाजूंनी सोनेरी किनार आणि चारी कोपऱ्यांत एकेक गुलाबी कमळ. विसर्जनाच्या ट्रकवर ठेवायला चौरंग तयार. एका कोपऱ्यात ओल्या रंगावरून शेजारच्या धोंडुबाईंची कोंबडी चालून गेली होती, तिच्या पावलांचीही नक्षी उठली होती. जनू म्हणाला, राहू दे, बरी दिसते.

मी शुक्रवारी सुरुवात केली. पहिला हात मारला. लाकूड असं उजळलं, सईद, की जणू कोणी फळ्यांना आतून दिवा लावला. सगुणा दारात उभी राहून पाहत होती. लगेच आत गेली नाही. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण डब्यात अजून निम्मा स्टेन होता, आणि तीस वर्षं मी एकच नियम पाळलाय, स्टोअरमधून निघालेला माल परत घ्यायचा नाही. शनिवारी सकाळी दुसरा हात, दुपारी तिसरा. शेवटी डबा उलटा करून तळाशी उरलेलंही ओतलं आणि पसरलं. हात स्वच्छ पुसले, चित्रातल्या माणसासारखा हसलो.

रविवारी सकाळी बोट टेकवून पाहिलं. बोट परत आलं, पण येताना ‘चप्’ असा आवाज झाला. मी ठरवलं की उन्हाने अकरापर्यंत वाळेल. पाहुणे अकराला येणार होते. ते नवाला आले, कारण गिरजाबाईंना उन्हात प्रवास चालत नाही. जीपमधून मोरपंखी नऊवारीतली एक ताठ बाई उतरली आणि तिच्यामागे बिस्किटी रंगाच्या नव्या पँटमध्ये एक उंच, लाजरा मुलगा. मी त्यांना मागे घेऊन गेलो. माझा बेत सरळ होता. सगळ्यांना सगुणाच्या बाजूला बसवायचं आणि माझी बाजू लांबून दाखवायची. पण गिरजाबाईंनी ती सोनेरी किनार पाहिली, कमळं पाहिली आणि जागच्या जागी थबकल्या. म्हणाल्या, हा देवाचा पाट, यावर पाय कसा ठेवू? सगुणा चटई आणायला आत धावली. मी तोंड उघडलं. पण काय सांगणार होतो? की तुमच्यासमोर सुतळीच्या पलीकडे जे दिसतंय ते ओलं आहे, आणि ते मी केलंय? तेवढ्या वेळात बाई वळून कडेकडेने गेल्या आणि माझ्या बाजूला, बरोबर मध्यभागी, मांडी घालून बसल्या. दत्तात्रेय पायऱ्यांपाशी चपला हातात घेऊन उभाच होता.

पहिली दहा मिनिटं फार छान गेली. बाईंनी वाऱ्याचं कौतुक केलं, फळ्यांचं कौतुक केलं. (माझ्या फळ्यांचं. हे मी सगुणाला नंतर तीनदा सांगितलं.) मग त्या पुढे सरकायला गेल्या आणि सरकल्या नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. लुगडं मांडीपासून गुडघ्यापर्यंत फळ्यांना धरून बसलं होतं. सगुणा चटई हातात घेऊन दारात आली, तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने स्टेन लाकडात कसा मुरतो ते सांगू लागलो. कोणी ऐकत नव्हतं. ओढलं तर लुगडं फाटणार, आणि भरल्या घरात, परक्या माणसांसमोर बाईंची शोभा होणार. अकरा घरांतून ताठ मानेने उठून गेलेली बाई, तिला बाराव्या घरातून उठताच येईना. तिचा चेहरा पांढरा पडला आणि डोळ्यांत पाणी आलं. मला सगळं सुचत होतं, रॉकेल, चाकू, जनू, पण तोंडातून स्टेनचीच माहिती बाहेर पडत होती.

तेवढ्यात दत्तात्रेयने चपला खाली ठेवल्या. शांतपणे चालत आला (प्रत्येक पावलाला चप्, चप्) आणि त्या नव्या बिस्किटी पँटसकट आत्याच्या शेजारी, जिथे मी डबा उपडा केला होता नेमका तिथेच, खाली बसला. ‘आत्या, मी पण अडकलो,’ तो म्हणाला. ‘आता आपण दोघं चहा घेऊनच जाऊ.’

शकू ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने हे सगळं पाहिलं. मी तिचा बाप आहे, तिचा चेहरा मला वाचता येतो असा माझा समज होता, पण तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. तिने पुढे येऊन ट्रे माझ्या बाजूला ठेवला (तोही चिकटला, अजून तिथे त्याचा गोल आहे), आत जाऊन खोबरेल तेल आणि उलथणं घेऊन आली, पदर खोचला आणि बाईंच्या शेजारी उकिडवी बसून लुगडं एकेक बोट सोडवायला लागली. दीड तास लागला. दत्तात्रेयच्या हातात तेलाची वाटी.

त्या दीड तासात जे बोलणं झालं ते कुठल्याही बैठकीत होत नाही. चिकटलेल्या माणसाला नाटक करता येत नाही. बाईंनी शकूला शाळेचं विचारलं, शकूने दत्तात्रेयच्या लहानपणाचं विचारलं. आई गेल्यावर तो वर्षभर कोणाशी बोलला नव्हता, फक्त आत्याच्या पदराला धरून असायचा, असं बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या की त्या अकरा मुलींत तसा दोष कुणातच नव्हता. सून आली की आपल्याला कोण विचारणार, या भीतीने त्या प्रत्येक घरातून उठत होत्या. हे त्या कोणाकडे न बघता, समोरच्या शेताकडे पाहून बोलल्या. दत्तात्रेयला हे ठाऊक नसावं, कारण त्याच्या हातातली वाटी कलंडली. शकूने उलथणं थांबवलं नाही. ‘आत्याबाई,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला एका जागेवरून उठवायला आम्ही दोघं लागलो. तुम्हाला टाकून आम्ही कुठे जाणार?’

बाई सुटल्या तेव्हा मोरपंखी लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा फळीवरच राहिला. त्यांनी सगुणाचं लुगडं नेसलं, पोहे खाल्ले, चहा प्यायल्या, आणि दुसऱ्यांदा चहा मागितला. दत्तात्रेय माझा पायजमा घालून गेला. तो त्याला पोटऱ्यांपर्यंतच आला. जीप वळणावर गेली तशी शकू आत येऊन म्हणाली, तिकडून काहीही कळवोत, माझं व्हय आहे. मंगळवारी तिकडूनही व्हय आलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचं चाललंय.

पुढच्या सुट्टीला दत्तात्रेय पायजमा परत द्यायला आला आणि टर्पेंटाईन, खरवडायची पत्री आणि चिंध्यांचं गाठोडं घेऊन माझ्या बाजूला बसला. दिवसभर खरवडत, पुसत होता. दुपारी त्याने तो डबा उचलून नीट पाहिला आणि अगदी अदबीने मला म्हणाला, ‘बाबा, दुसऱ्या चित्रातला माणूस हात पुसत नाय. तो डेक पुसतोय.’ स्टेन लावायचा, मुरू द्यायचा आणि वरचा जादा फडक्याने पुसून काढायचा, एवढंच होतं ते. जावई हुशार मिळाला याचा आनंद मानावा की दुःख, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तर आजची परिस्थिती अशी. माझी बाजू आता वाळली आहे, रेषा झकास दिसतात. सगुणाच्या बाजूला कमळं आहेत, पण भर दुपारी तिथे पाय ठेवला की उडी मारून माझ्या बाजूला यावं लागतं, इतका तो गडद रंग तापतो. लोक बघायला येतात आणि निम्मे इकडे, निम्मे तिकडे उभे राहून मतं देतात. लग्नाआधी डेक एकसारखा करायचा आहे. तुझा जन्म लाकूड आणि लोखंड रंगवण्यात गेला. तेव्हा कोणाचीही भीड न धरता, निखळ न्यायबुद्धीने कळव: रंग की स्टेन?

गुडघ्यांना जप. शिडीखालूनच ओरड.

तुझा बालमित्र,
कमळाकर

ता. क. – न्यायबुद्धीचं सोड. खरं काम वेगळंच आहे. सगुणाने अर्धा डेक सोडला तो उदारपणाने नव्हे. मी तिला सांगितलं होतं की मस्कतहून सईदचं पत्र आलंय, तो स्टेनच म्हणतोय. माझा शब्द ती मानत नाही, तुझा मानते. आता ती ते पत्र दाखवा म्हणतेय. तेव्हा एक पत्र लिही, एप्रिलची तारीख घाल, स्टेनची भरपूर स्तुती कर, चार ठिकाणी घड्या घाल, थोडा चहा सांड. आणि पुसण्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. म्हणजे जे झालं ते तुझ्या अर्धवट सल्ल्यामुळे झालं असं ठरेल. तू तिकडे लांब आहेस, तुला काय फरक पडतो?

ता. क. २ – हे पाकीट सगुणाच्याच हाती पोस्टात पाठवतोय. तिला इतरांची पत्रं उघडायची सवय नाही.

सईदभावजींस,

मी सगुणा. यांनी पाकीट चिकटवलं होतं, पण यांनी चिकटवलेलं काय धरेल आणि काय नाय ते आता तुम्हाला कळलंच हाय. पोस्टाच्या दारातच उघडलं. मी सगळं वाचलं. बरोबर लिवलंय, फक्त गोधड्यांचं वाढवून लिवलंय.

चैत्रात अमीनाभाभींकडून पत्ता घेऊन मीच तुम्हाला विचारलं होतं. तुमचं उत्तर कालच आलं. लाकूड सागाचं असेल तर वहिनी स्टेनच लावा, पण कमळाकरच्या हातात ब्रश देऊ नका, तो पुसायचा नाय, असं तुम्ही लिवलंत. म्हणजे यांनी मारलेली थाप नेमकी खरी निघाली. हे यांना कळलं तर आम्हाला या घरात राहता यायचं नाय. ते पत्र मी तांदळाच्या डब्यात खाली घातलंय.

माझी बाजू खरवडून तिलाही स्टेन लावायचं मी आणि दत्ताने ठरवलंय. पाय भाजतात. म्हणून तुमचे हात जोडते, भावजी, यांना पत्र लिवा, तारीख एप्रिलचीच टाका, आणि रंगच बरा म्हणून ठासून लिवा. मग तुमचा शब्द माझ्या बाजूचा असूनही मी मोठ्या मनाने स्टेनला व्हय म्हणते.

लग्नाला दोघांनी यायचं. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय.